काचेची खोली आणि कुकरची शिट्टी

श्रोतेहो, दिवाळी सरली की मला हमखास विचारलं जातं, ‘आमची टेरेस नुसतीच पडून आहे हो, काचेनं बंद करून घेऊ का?’ हवेत गारवा असतो, टेरेसवर कोवळं ऊन असतं आणि मोबाइलवर लंडनच्या लेकीनं पाठवलेला फोटो असतो. काचेची खोली, वेताच्या खुर्च्या, हातात चहा. मोह होणारच. पण हा निर्णय डिसेंबरात घ्यायचा नसतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी चार वाजता त्याच टेरेसवर खुर्ची टाकून अर्धा तास बसा आणि मग खुशाल फॅब्रिकेशनवाल्याला फोन करा.

लेकीचं एका परीनं बरोबर आहे. लंडनला 21 डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर येतो. तिथं उन्हाचा कवडसा पकडून ठेवावा लागतो. पुण्यात त्याच दुपारी तो 48 अंशांवर असतो आणि मे महिन्याच्या मध्याला तर थेट डोक्यावर, आपलीच सावली पायाखाली नाहीशी होते. अशा गावात छप्पर काचेचं करायचं? आणि खाली बसून काय करायचं, कुरडया वाळवायच्या? छप्पर पक्कं, ऊन अडवणारं करा. काच हवीच तर बाजूंना लावा, त्यातही पश्चिमेला सर्वांत कमी.

आता माझा खरा मुद्दा. काच ऊन आत घेते आणि आतली धग कोंडून ठेवते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे आपण बांधतो तो कुकर. कुकरची रिंग सैल झाली तर आपण लगेच नवी आणतो, झाकण घट्ट बसलंय ना, चाचपून बघतो. पण शिट्टीच्या जागी बोळा कोंबून कुणी कुकर गॅसवर चढवतं का? टेरेसवर मात्र नेमकं हेच चालतं. सिलिकॉनची रिंग चोख, काचेचं झाकण चकचकीत आणि शिट्टीचा पत्ता नाही!

‘खिडक्या आहेत की,’ असं सगळे म्हणतात. अहो, दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी सताड उघडली तरी अर्धीच उघडते. शिवाय तिची चौकट बहुधा छताच्या हात-दीड हात खाली संपते. तापलेली हवा असते वर, छताला चिकटून. ती खाली उतरून तुमच्या खिडकीतून शिस्तीत बाहेर पडणार नाही. म्हणून छताला लागून लूव्हर हवेत, जाळी बसवलेले, बारा महिने उघडे. समोरच्या बाजूला खाली, गुडघ्याच्या उंचीवर, वारा आत यायला वाट हवी. माळवदाच्या घरांना छतात सानं, म्हणजे झरोका, ठेवायचे, ते काय उगीच? एसी लावू म्हणाल, तर तो पेटत्या गॅसवरचा कुकर पंख्यानं गार करण्याचा प्रकार झाला. पुन्हा सांगते, कारण घरी गेल्यावर नेमकं हेच विसरलं जातं: गरम हवेला वाट वरच्या बाजूला हवी.

पडद्यांचंही तसंच. आतून लावलेला पडदा डोळ्यांना बरा वाटतो, पण तोवर ऊन काच ओलांडून घरात आलेलं असतं. बांबूची चिक बाहेरून सोडा.

मग येतो पावसाळा. स्लायडिंगच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात, ट्रॅकमधलं पाणी निघून जाण्यासाठी. मी किती ठिकाणी पाहते, कारागिरानं ‘फिनिशिंग’च्या हौसेनं तीही सिलिकॉननं बुजवलेली असतात! जुलैत त्या ट्रॅकची पन्हाळ होते आणि पाणी आत, थेट गादीपर्यंत. काम संपलं की पैसे देण्याआधी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेरच्या अंगाला गळतंय ना, ते स्वतः बघा. कारागीर हसेल, हसू दे.

हॉल आणि टेरेसमधलं दार काढून हॉल मोठा करायचा बेत असेल तर तो सोडा. ते दार आहे म्हणून मेमध्ये धग तिकडेच राहते आणि... असो, त्यावर वेगळं बोलावं लागेल.

परवानगीचं थोडक्यात. सोसायटीचं पत्र म्हणजे महापालिकेची परवानगी नव्हे. 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली नोटीस येते ती तुम्हाला, फॅब्रिकेशनवाल्याला नाही.

आणि टेरेसऐवजी गॅलरी बंद करणाऱ्यांसाठी एक गोष्ट उरलीच. भिंतीतून बाहेर झेपावलेल्या स्लॅबचं मुख्य लोखंड वरच्या अंगाला, तुमच्या फरशीखालीच असतं. फरशी बदलताना तिथं वेडीवाकडी छिन्नी मारू देऊ नका. आता वजन बघा. पाच मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो. तेवढ्याच जागेत चार इंची विटांची भिंत दोनशे किलोंच्या वर जाते, आणि ती उभी राहते अगदी टोकाला, जिथं स्लॅबला सर्वांत जड जातं. त्यात मातीनं भरलेल्या कुंड्या मांडल्या की... वेळ संपल्याचा दिवा लागला, थांबते. हे आकडे मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, शेजाऱ्याला नव्हे.