पेडल नसलेली पेडल गिटार

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, तुझ्या मागे भिंतीला टेकवलेलं ते फळकूट काय आहे? तर आज त्याचीच गोष्ट.

मोबाईलवर जाहिरात दिसली होती. ‘जुनी पेडल स्टील गिटार, बंद आहे, नगर, माळीवाडा.’ फोटो तीन, तिन्ही हललेले. मी रात्री साडेअकराला मेसेज टाकला आणि सकाळी दहाला दारात हजर.

पेडल स्टील म्हणजे काय ते आधी सांगतो. टेबलासारखी पायांवर उभी असलेली गिटार. बहुतेक वेळा दहा तारा, खाली पेडलं. पेडल दाबलं की आतल्या दांड्या ठरावीक तार ताणतात आणि सूर बदलतो, हातातला बार जागेवरच राहतो. वेब पिअर्सचं ‘स्लोली’ ऐका, १९५४ चं. त्यात बड आयझॅक्स वाजवतोय. सूर जागच्या जागी वाकतो. मी त्याच आवाजाच्या नादानं नगर गाठलं होतं.

मावशींनी सतरंजीत गुंडाळलेली वस्तू बाहेर आणली. सहा तारांची जागा, त्यातल्या दोनच शिल्लक, त्याही तुटक्या. पाय नाहीत, दांड्या नाहीत. मी विचारलं, “मावशी, पेडल?” त्यांनी कॉटखालून एक लोखंडी पायपट्टी काढून दिली. आवाज कमी-जास्त करायचं व्हॉल्यूम पेडल! म्हणजे ही आपली साधी हवाईयन गिटार, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची.

खरं सांगतो, तोंड पडलं माझं. पण मग म्हटलं, अरे, हिचीच तर ती पेडलवाली नात. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ बाजारात आली, इलेक्ट्रिक गिटारच्या पहिल्या यशस्वी मॉडेलांपैकी एक, आणि ती हवाईयनच होती. हवाईचा टाऊ मो आपल्या कुटुंबासोबत कलकत्त्यात राहिला आणि हे वाद्य तिथं रुजलं. व्हॅन शिपलीनं त्यावर हिंदी सिनेमाची गाणी वाजवून रेकॉर्डी काढल्या. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त ब्रिजभूषण काबरांनी त्यावर राग वाजवले. बारमुळे मींड निघते ना, म्हणून आपल्या गळ्याला हे वाद्य जवळचं.

“काय करायचंय तुला त्याचं?” मावशींनी विचारलं. त्यांचे मालक ऑर्केस्ट्रात वाजवायचे. ते गेले, आता मावशी मुलाकडे पुण्याला निघाल्या होत्या. साडेतीन हजारात व्यवहार झाला. घासाघीस केली नाही, करवलीच नाही.

घरी येऊन आधी पिकअपला मीटर लावला. सहा-सात किलो-ओम दिसायला हवं होतं, काहीच दिसेना. आतली तार तुटलेली. आता पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार, एवढंच. पण साधारण आठ हजार वेढे, केसाएवढी बारीक तार, लांबी किलोमीटरभर. आमच्या गावात विहिरीच्या मोटारी भरून देणारे एक काका आहेत. त्यांच्या हातात ठेवलं तर म्हणाले, “पाच एचपीची आण, दुपारपर्यंत देतो. हे काय आणलंस?” तरी घेतलं. तार मुंबईहून, लोहार चाळीतून मागवली. पंख्याच्या कॉइलचं हातमशीन, त्याला वेढे मोजायचा काटा. तीन हजारावर तुटली. परत. पाच हजारावर तुटली. चौथ्या दिवशी मीटरनं साडेसहा किलो-ओम दाखवलं आणि काकांनी स्वतःच्या खिशातून चहा सांगितला.

चाव्या रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवल्या, मोकळ्या झाल्या. व्हॉल्यूमचा पॉट बदलला. हे सगळं सोपं.

चूक पुढे झाली. लाकडावर काजळी, चिकटा, व्हार्निशचे पोपडे. मी पॉलिश पेपर घेतला आणि पिकअपच्या बाजूनं घासत सुटलो. कसं चकाचक दिसतंय म्हणून व्हिडिओसुद्धा काढला. सातव्या फ्रेटपर्यंत आलो, लाइट गेली. मोबाईलचा टॉर्च तिरका पडला आणि न घासलेल्या भागात, कडेला, अक्षरं दिसली. शाईनं, बारीक. ‘का ५’, ‘पां ७’, ‘पां १’, ‘का १’, ‘पां २’, ‘का २’. काहींच्या पुढे आणखी एखादं अक्षर: ‘ग’, ‘शा’, ‘म’.

पेटीवाल्यांना लगेच कळलं असेल. काळी पाच, पांढरी सात, पांढरी एक. पट्ट्या! तिसऱ्या फ्रेटवर पांढरी एक, म्हणजे मोकळ्या तारा पांढरी सहामध्ये, ए मेजर. तारा नव्हत्या, लावायच्या कशा ते सांगायला माणूस नव्हता, आणि उत्तर लाकडावर लिहिलेलं होतं. सातव्यापासून पुढचं मी पुसून टाकलं होतं.

पट्ट्या काय, हिशेबानं पुन्हा लिहिता येतात. पण पुढची ती अक्षरं? जाहिरातीचा फोटो मोठा करून पाहिला. नुसते डाग. शेवटी मावशींना फोन केला, आणि घासल्याचंही सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ते गाणाऱ्यांचं होतं. कोण कुठल्या पट्टीत गातंय, त्यांच्या ध्यानात राहायचं नाही.” ‘ग’ कोण, ‘शा’ कोण, ते सांगितलं त्यांनी. ‘म’ आठवला नाही.

“आणि तुमची पट्टी, मावशी?”

“काळी चार.”

काळी चार अकराव्या फ्रेटवर येते. कोरं लाकूड.

पुण्याला गिटार घेऊन गेलो. छोटा ॲम्प, दोन पिनांचा प्लग, अर्थिंग नाही, त्यामुळे मागे घुंऽऽ चालूच. मांडीवर घेतली, अकराव्यावर बार ठेवला आणि छेडलं. मावशी गायल्या नाहीत. माझ्या हाताकडे बघत होत्या.

“मागं ठेवतोयस,” त्या म्हणाल्या. “साध्या गिटारीसारखं नाही करायचं. रेघेच्या बरोबर वर ठेव.”

ठेवला. आता तो आवाज ऐका, मोबाईलवरच रेकॉर्ड केलाय, घुंऽऽसकट.