पिवळ्या बीटचा हिशेब

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणावरून)



कापूस आणि ज्वारीच्या बैठकीत बीटचं काय काम, असं तुम्ही विचाराल. प्रश्न बरोबर आहे. आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो, पदवी घेतली. तिथं एकरी उत्पादनाचे तक्ते पाठ करून घेतले. पण घरामागच्या तीन हात जागेत काय पिकवावं आणि पिकलेलं टिकवावं कसं, हे कुणी शिकवलं नाही. ते आम्ही उशिरा शिकलो, आणि तेही चुका करून.

आधी चूक सांगतो. मागे एका हिवाळ्यात आम्ही दहा-बारा घरांना पिवळ्या बीटचं बियाणं वाटलं. हे बीट आतून सोनेरी असतं. माल चांगला आला. आम्हाला हुरूप आला, टोपल्या भरून आठवडी बाजारात बसलो. गिऱ्हाईक येई, हातात घेऊन बघे आणि विचारी, "बाई, हे कच्चं आहे का?" लाल बीट शेजारी खपत होतं, आमचं परत आलं. परत आलेला माल आम्ही सांगून स्वच्छ धुवून घेतला, पानं मुळापासून कापली, शेपट्या छाटल्या आणि पोत्यात भरला. आठ दिवसांत त्याला वास मारू लागला. बियाणं आमचं, सल्ला आमचा, आणि नासाडी मायबहिणींच्या मेहनतीची. म्हणून आज उभे आहोत.

त्यातून पहिला धडा असा, की गिऱ्हाईक ठरल्याशिवाय हे पीक एकरात घेऊ नका. शहरात ते मागणारे आहेत, पण तुमच्या आठवडी बाजारात नाहीत. एक वाफा घ्या, घरच्या चुलीसाठी. कापसाचा पैसा घरात येतो तो आधीच वाटलेला असतो. त्यातून दर आठवड्याला भाजीला जाणारी नोट वाचली, तर ती माजघरात राहते. ती रक्कम लहान असेल, पण तिच्यावर सावकाराचा हात पडत नाही.

आता वाफ्याचा हिशेब. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद. एका फुटावर तीन ओळी, ओळीत दहा सेंटिमीटरवर एक रोप. म्हणजे नव्वद रोपं. तिसरा हिस्सा गेला असं धरा, साठ कंद हाती येतात. एक कंद शंभर ते दीडशे ग्रॅमचा, म्हणजे सहा ते नऊ किलो. पाणी दिवसाला साधारण एक हंडा. रोज द्यायची गरज नाही. तीन-चार दिवसांनी तेवढ्या दिवसांचं एकदम द्या.

आपली काळी जमीन भारी. तिच्यात कंद वाकडेतिकडे होतात. म्हणून गादी वाफा करा, वीतभर खोल भुसभुशीत करा, थोडी वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण घातलं तर मुळाला फाटे फुटतात. पेरणी दिवाळीच्या सुमाराला, थंडी पडू लागली की.

बीटचा जो दाणा आपण पेरतो तो एक बी नसतो, तो दोन-चार बियांचा गुच्छ असतो. एका ठिकाणी तीन-तीन रोपं उगवतात. ती विरळली नाहीत तर कंद धरत नाही, नुसता पाला होतो. जीव कळवळतो, पण उपटा. उपटलेल्या कोवळ्या रोपांची भाजी करा. पिवळ्या बीटची उगवण लालपेक्षा कमी असते, म्हणून बी रात्रभर भिजवा आणि जरा दाट टाका. खोली बोटाच्या एका पेराहून कमी. उगवेपर्यंत वरची माती कोरडी पडू देऊ नका.

पाला फेकू नका. आपला देशी पालक आणि बीट ही एकाच जातीची भावंडं आहेत. तूरडाळीत पाला घालून डाळभाजी करा, कुणाला फरक कळणार नाही. आणि पिवळ्या कंदाचा गुण असा, की तो हात, कणीक, भाजी काहीच रंगवत नाही.

रंगाचा विषय निघाला म्हणून स्पष्ट बोलतो. बीट लाल, म्हणून ते खाल्लं की रक्त वाढतं, असं घरोघरी सांगतात. रंग आणि रक्त यांचा संबंध नाही. कंदात लोह फार नसतं, पाल्यात त्याहून जास्त असतं. घरातली बाई दमत असेल, चक्कर येत असेल, तर बीटवर भागवू नका. आरोग्य केंद्रात रक्त तपासा, लोहाच्या गोळ्या घ्या. भाजी ही भाजीच आहे, औषध नाही.

काढणी साठ-पासष्ट दिवसांनी. कंद लहान पेरूएवढा झाला की काढा. जमिनीत ठेवून मोठा करायला जाल तर आत लाकूड होतं. सगळा वाफा एकदम उपटू नका, लागेल तसा काढा. थंडी आहे तोवर जमीन हेच उत्तम कोठार.

साठवायचा असेल तर आमची चूक उलटी करा. धुवू नका, माती हातानं झाडा. पाला पिळून तोडा, दोन बोटं देठ ठेवा. शेपटी कापू नका. कापलं की तिथून पाणी जातं आणि सड शिरते. घाव लागलेला कंद आजच खा. बाकीचे माठात किंवा लाकडी खोक्यात वाळूचा थर, कंदांचा थर, असे एकमेकांना न लागता रचा. वाळू अशी ओली, की मुठीत गोळा व्हावा पण थेंब गळू नये. जानेवारीत घरातल्या गार कोपऱ्यात दोन-तीन आठवडे सहज निघतात. आठवड्याला एकदा हात घालून पाहा, नासका काढा.

फाल्गुन उलटल्यावर हे चालत नाही. त्यासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं 1980 च्या दशकात विटांची गार पेटी काढली. विटांच्या दोन भिंती, मध्ये तीन इंच फट, फटीत वाळू, ती सकाळ-संध्याकाळ ओली करायची, वर ओलं गोणपाट. वीज लागत नाही. कडक उन्हात बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंश गार राहते. पण पाणी लागतं. उन्हाळ्यात ज्या गावात टँकर येतो तिथं ही पेटी आम्ही सांगणार नाही.

शेवटची गोष्ट बियाण्याची. बीट पहिल्या वर्षी कंद धरतं, दुसऱ्या वर्षी बी. त्यासाठी लांब कडक थंडी लागते, ती आपल्या पठारावर नाही. बी डोंगराळ थंड मुलखातून येतं, म्हणजे दरवर्षी विकत घ्यायचं. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हापासून दरवर्षी बियाण्याच्या पाकिटासाठी दुकानात उभं राहणं काय असतं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. म्हणून वाफ्यातली एक ओळच बीटला द्या. बाकी दोन ओळींत मेथी, पालक, वाल असं लावा, ज्याचं बी तुमच्या गाडग्यात राहतं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक घरानं दोन आकडे लिहून आणावेत: वाफ्यातून किती किलो निघालं, आणि भाजीचे किती रुपये वाचले. नासलं असेल तर तेही लिहा. आमच्या सल्ल्याचा हिशेब तुमच्याच वहीतून निघाला पाहिजे.