४९ फुटांचा आकडा

आजचा भाग पुराबद्दल आहे, पण हा पूर पावसाचा नाही. एप्रिल महिना, डोक्यावर लख्ख ऊन, आणि तरी पाणी गावात शिरतंय, असा पूर.

मी कॅनडातल्या सास्काचवान प्रांतात दोन वर्षं शिकायला होतो. नजर जाईल तिथवर शेतं: गहू, कॅनोला, मसूर. तुमच्या वाण्याकडची मसूर कदाचित तिथूनच आलेली असेल. तिथं वर्षभरात आभाळातून जे पाणी मिळतं, त्यातलं साधारण एक तृतीयांशच बर्फाच्या रूपात पडतं. पण ओढ्यांना येणारं ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी याच बर्फाचं! उन्हाळ्यातला पाऊस पिकं आणि माती पिऊन टाकतात. बर्फ मात्र पाच महिने साठतो आणि दोन-तीन आठवड्यांत वितळतो.

माझं काम काय, तर एक नळी बर्फात खुपसायची आणि आतला बर्फ वजन करून बघायचा. कारण बर्फाची उंची फसवते. ३० सेंटिमीटर ताजा, भुसभुशीत बर्फ वितळला तर जेमतेम ३ सेंटिमीटर पाणी. तोच मार्चमधला दबलेला बर्फ असेल तर ९-१० सेंटिमीटर.

मग मी मॉडेल बनवलं. मॉडेल म्हणजे फार काही नाही, एक एक्सेल शीट. दिवसाचं सरासरी तापमान शून्याच्या वर जितके अंश, त्याला एका गुणकानं गुणायचं. समजा गुणक ३ मिलिमीटर आणि तापमान ५ अंश, तर त्या दिवशी १५ मिलिमीटर पाणी सुटणार. त्याला पाणलोट क्षेत्राच्या क्षेत्रफळानं गुणलं, की झालं! माझ्या शीटनं मोठा पूर सांगितला. मी गाइडला छाती फुगवून दाखवलं. प्रत्यक्षात ओढ्याला माझ्या उत्तराच्या पाचव्या हिस्स्याइतकंही पाणी आलं नाही.

गाइड एवढंच म्हणाले, "तुझ्या मॉडेलमध्ये बर्फ आहे, ओढा आहे. शेत कुठंय?"

खरंच नव्हतं. मी सगळं रान पत्र्याच्या छपरासारखं धरलं होतं. वितळलं की घरंगळलं. शेत मधे काय काय करतं बघा.

पहिलं म्हणजे वारा. नांगरलेल्या उघड्या रानातला बर्फ वारा उडवून नेतो. त्यातला काही हवेतच, पाणी न होता थेट वाफ होऊन जातो. ज्या शेतकऱ्यानं कापणीनंतर धसकटं उभी ठेवलीत, त्याच्या रानात मात्र बर्फ अडकून राहतो. शेजारी-शेजारी दोन शेतं, एकच हिमवादळ, पण साठा वेगळा.

दुसरं, गोठलेली जमीन. थंडीआधी पाऊस होऊन माती ओली असेल, तर गोठल्यावर तिची छिद्रं बर्फानं बंद होतात आणि पाणी वरून वाहून जातं. तीच माती कोरडी, भेगाळलेली असेल तर बरंचसं पिऊन टाकते. म्हणजे एप्रिलच्या पुराची अर्धी गोष्ट ऑक्टोबरमध्येच ठरलेली असते. माझ्या वर्षी ऑक्टोबर कोरडा गेला होता. मी तो बघितलाच नव्हता.

आणि तिसरं म्हणजे खळगे. हिमयुगातल्या बर्फाच्या थरानं मागं ठेवलेली हजारो डबकी त्या रानात आहेत. पाणी आधी त्यांत भरतं. एक भरलं की दुसऱ्यात सांडतं, आणि खूप पाणी ओढ्यापर्यंत पोचतच नाही. शेतकऱ्याला ही डबकी अडचणीची, म्हणून तो चर काढून ती रिकामी करतो. त्याचंही बरोबर आहे, रान त्याचं आहे. पण ते पाणी खालच्या गावात जातं. तिथं स्मिथ क्रीक नावाचा ओढा आहे. १९५८ मध्ये त्याच्या पाणलोटाचा २४ टक्के भाग अशा पाणथळ जागांचा होता, २००८ मध्ये ११ टक्के उरला. सास्काचवान विद्यापीठाच्या संशोधकांनी मॉडेलमध्ये जुनी डबकी परत घालून बघितली. २०११ च्या मोठ्या पुराचं शिखर सुमारे एक तृतीयांशानं खाली आलं!

बरं, माझं चुकलं तेव्हा फक्त माझी लाज गेली. १९९७ मध्ये अमेरिकेत ग्रँड फोर्क्स गावाचं काय झालं ऐका. तिथली रेड नदी उत्तरेकडे वाहते. दक्षिणेचा बर्फ आधी वितळतो आणि पाणी अजून गोठलेल्या उत्तरेकडे निघतं. खोरं तर ताटासारखं सपाट. त्या हिवाळ्यात आठ हिमवादळं झाली, शेवटचं एप्रिलमध्ये. फेब्रुवारीत हवामान खात्यानं सांगितलं होतं: पुढे काहीच पडलं नाही तर ४७.५ फूट, नेहमीइतकं पडलं तर ४९ फूट. लोकांच्या डोक्यात एकच राहिलं, ४९. त्यावर थोडी जागा ठेवून त्यांनी बांध घातले, रात्रंदिवस वाळूच्या पिशव्या रचल्या. नदी ५४.३५ फुटांवर गेली. जवळपास अख्खं शहर रिकामं करावं लागलं. पाण्यात उभ्या असलेल्या बाजारपेठेत आग लागली आणि ११ इमारती जळाल्या.

हवामान खात्यानं खोटं सांगितलं का? नाही. पण आकडा किती वर-खाली होऊ शकतो, हे कुणाच्या मनात नीट पोचलंच नाही. त्या पाच फुटांत लोकांची घरं होती.

आता मी मॉडेल एकदा चालवून थांबत नाही. कोरडी माती धरून, ओली माती धरून, थंड एप्रिल, गरम एप्रिल, असं पुन्हा पुन्हा चालवतो. उत्तर म्हणून एक आकडा येत नाही, एक पट्टा येतो. तो सांगायला जरा अवघड जातं. लोक विचारतात, "अरे, पण नक्की किती?"

तर पुढच्या वेळी तुमच्या फोनवर पाणी पातळीचा इशारा आला की आकडा वाचाच. पण सोबत एक प्रश्न विचारा: याच्या वर किती जाऊ शकतं? आणि बांध त्या उत्तराएवढा घाला.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!