ताडाचा एक घड बियाण्यासाठी राखा



उन्हाळा लागला की पापडीच्या बाजारात ताडगोळे येतात. भाव ऐकून गिऱ्हाईक कुरकुरते, पण घेतल्याशिवाय जात नाही. या हंगामात मी तुम्हाला एक साधा प्रश्न विचारणार आहे. तुमच्या बांधावर जे ताड उभे आहेत, ते कोणी लावले? तुम्ही नाही. बहुतेक तुमच्या वडिलांनीही नाही. ते आज्या-पणज्याच्या काळचे. आता दुसरा प्रश्न. गेल्या दहा वर्षांत तुमच्या बांधावर नवा ताड किती उगवला? पुष्कळ ठिकाणी याचे उत्तर 'एकही नाही' असेच येते.

असे का झाले, ते पाहा. पूर्वीही ताड मुद्दाम कोणी फारसा लावत नसे. पावसाळ्यात पिकलेले फळ खाली पडे, गुरे वरचा गर चघळत आणि बी बांधावर आपोआप रुजे. आज आपण मादी ताडाचे सगळे घड कोवळे असतानाच उतरवतो. चार पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण झाडावर एकही फळ पिकले नाही, तर बी पडणार कुठून? त्यात घरांसाठी, रस्त्यांसाठी जुनी झाडे जातात, ती वेगळीच. खर्च चालू आणि जमा बंद, असा हा व्यवहार आहे.

म्हणून आज सांगायची मुख्य गोष्ट एवढीच: चांगल्या, गोड आणि भरपूर धरणाऱ्या मादी ताडाचा एक घड उतरवू नका. तो झाडावर पिकू द्या.

पिकलेली फळे पावसाळ्यात गळतात. ती गोळा करून काही दिवस सावलीत ढीग लावून ठेवा. गर सैल झाला की चोळून, धुऊन बी मोकळे करा. एका फळात बहुधा दोन ते तीन बिया निघतात. हलक्या, किडक्या बिया टाकून द्या. बी फार दिवस साठवू नका, जमिनीत ओल आहे तोवरच लावा.

आता नीट ऐका, कारण चूक इथेच होते. ताडाचे बी रुजते तेव्हा कोंब आधी वर येत नाही, खाली जातो. बियांतून दोरीसारखा जाड देठ निघतो आणि हात-दीड हात जमिनीत उतरतो. रोपाचा खरा कोंब त्या देठाच्या टोकाशी असतो. पहिले पान वर दिसायला काही महिने लागतात. बी कुजले असे समजून पुष्कळ जण खड्डा उकरतात आणि रोपाचा घात करतात.

मी स्वतःही एक चूक केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शेतकऱ्याच्या वाडीत झाडाखाली उगवलेली पंधरा रोपे मी मोठ्या हौसेने उपटून बांधावर लावायला दिली. वर दोन पाने, खाली तुटलेला देठ. पंधराच्या पंधरा वाळली. त्या घरची आजी म्हणाली, "साहेब, ताड जागेवरच लावायचा असतो. त्याला हलवला की तो रुसतो." बी.एस्सी.च्या पुस्तकातले ज्ञान मला त्या दिवशी बांधावर कळले.

तेव्हा रोप करून हलवण्याच्या भानगडीत पडू नका. बी कायमच्या जागेवरच लावा. सुमारे एक फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्या. माती भुसभुशीत करून कुजलेल्या शेणखतासह परत भरा, म्हणजे देठाला खाली जायला वाट मिळेल. त्यात दोन बिया सुमारे चार इंच खोल लावा. दोन झाडांत तीन मीटर, म्हणजे दहा फूट अंतर ठेवा. जागा बांधाची, कुंपणाची, किंवा बावखलाच्या काठाची निवडा. विजेच्या तारेखाली लावू नका. पहिले दोन उन्हाळे अधूनमधून पाणी द्या, गुरांपासून राखा आणि बांधावरचे गवत पेटवू नका.

काही जण विचारतात, "बंगल्यापुढे कुंडीत लावतात तो ठेंगणा पंखाताड हाच का?" नाही. पंख्यासारख्या पानांची ही सारी भावकी मोठी आहे. त्यातली एक जात कुमाऊंच्या डोंगरात बर्फ पडते तिथेही टिकते. आपल्या ताडाला मात्र ऊन आणि ऊब हवी. थोडी खारट जमीन तो सोसतो, पण कुंडीत त्याचा जीव रमत नाही.

ताडात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. तुरा आल्याशिवाय ती ओळखता येत नाहीत. फळ धरत नाही म्हणून नर ताड तोडू नका. त्याच्या परागाशिवाय मादीला फळ धरत नाही. शिवाय नर आणि मादी, दोघांपासूनही नीरा मिळते. मात्र ताडी किंवा नीरा काढायची, तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, हे विसरू नका. नीरा सूर्योदयापूर्वी उतरवावी लागते. उशीर झाला की ती आंबते. 2020 च्या जून महिन्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने आपल्याच जिल्ह्यात डहाणूला 200 कारागिरांना नीरा काढण्याचे व ताडगूळ करण्याचे साहित्य दिले. म्हणजे या झाडाकडे सरकारही उत्पन्नाचे साधन म्हणून पाहते आहे. तमिळनाडू सरकारने 2021 मध्ये 76 लाख ताडबिया वाटायची योजना जाहीर केली होती. आपल्याला बी मागायला कुठेही जायचे नाही, ते आपल्या डोक्यावरच लटकते आहे.

एक कळकळीची विनंती. ताडावर चढणारा माणूस जिवावर उदार होऊन चढतो. त्याला कमरेचा पट्टा आणि मजबूत दोर द्या. बांधलेला बांबू दरवर्षी तपासा. खोड ओले असताना कोणाला चढवू नका. विजा चमकत असताना ताडाखाली उभे राहू नका.

तुम्ही म्हणाल, "साहेब, याला फळ धरायला बारा-पंधरा वर्षे लागतात, कधी त्याहूनही जास्त. तोवर आम्ही कुठे?" खरे आहे. पण आज आपण ज्या झाडाचे ताडगोळे विकतो, ते लावणाऱ्यानेही हाच हिशेब केला असता, तर आपला बांध आज रिकामा असता.

थोडक्यात लक्षात ठेवा:

1. चांगल्या मादी ताडाचा एक घड पिकण्यासाठी राखा.
2. बी पावसाळ्यातच, कायमच्या जागेवर लावा.
3. लावलेला खड्डा उकरू नका, रोप उपटू नका.
4. दोन वर्षे गुरे आणि आग यांपासून जपा.
5. नर ताड तोडू नका.

या पावसाळ्यात निदान पाच बिया लावा.