मुठीखालचा गंज



सकाळी इकडे येताना रिक्षावाल्यानं माझ्या मांडीवरच्या लांबट गाठोड्याकडे पाहून विचारलं, "काका, सतार आहे काय?" मी हो म्हणून मोकळा झालो. कागदपत्रं खिशात होती, पण नागपूरच्या राणा प्रताप नगर पोलीस ठाण्याच्या हद्दीत, रिक्षात बसून, नऊ इंचांहून लांब पात्याचा कायदा कोण समजावत बसणार? चाळीस वर्षं तलवारी गोळा केल्यावर माणसाला एवढं तरी शहाणपण येतं.

त्या गाठोड्यात दोन तलवारी होत्या. एक माझ्या आजोळची, दुसरी जपानी. सूत्रसंचालकांनी माझ्याबद्दल जे चांगलं सांगितलं ते सोडून द्या, मी या दोघींबद्दलच बोलणार आहे.

आजोळची तलवार सरळ पात्याची, एकधारी, म्हणजे फिरंग. खंडेनवमीला ती पाटावर यायची, झेंडूची माळ घालून घ्यायची आणि पुन्हा माळ्यावर जायची. मी नववीत असताना तिला लख्ख करायचं माझ्या मनानं घेतलं. आधी चिंच, मग राख, मग विटेची भुकटी आणि शेवटी सुताराकडून आणलेला पॉलिश पेपर. संध्याकाळपर्यंत पात्यात तोंड दिसायला लागलं. आजीनं दृष्ट काढली. तलवारीची नव्हे, माझी. पात्याच्या पाठीवर, मुठीला लागून, काही पिवळट डाग होते. तेही मी मन लावून काढले. आता तिथं भिंगाखाली एक 'श्री' दिसतो आणि पुढे एक काना. बाकी सगळं साफ. ती तलवार कोणाची, हे सांगणारा एकच साक्षीदार होता आणि त्याला मी चिंचेनं मारलं.

29 एप्रिल 2025 ला लंडनच्या सोथबीजमध्ये पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लिलावात आली, तेव्हा माझ्या पोटात का कालवलं ते आता तुमच्या लक्षात येईल. महाराष्ट्र सरकारनं ती मिळवली, खर्च 47.15 लाख रुपये, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत उतरली. वर्तमानपत्रांनी किंमत छापली, मिरवणूक छापली. मी मात्र फोटो मोठा करकरून पात्याची पाठ पाहत बसलो. त्याच जागी, मुठीला लागून, सोन्यात देवनागरी अक्षरं. रघुजींचं नाव, शाहू छत्रपतींनी दिलेला 'सेनासाहेब सुभा' हा किताब, आणि शेवटी शब्द 'फिरंग'. तलवार स्वतःची जात स्वतःच सांगते! पातं युरोपातलं, मूठ आपल्याकडची मुल्हेरी घाटाची, आणि नाव आपल्या नागपूरच्या धन्याचं. मग ती लंडनला पोचली कशी? भोसल्यांची इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई 1817 ची. 1853 ला तिसरे रघुजी वारले आणि डलहौसीनं राज्य खालसा केलं. या पडझडीत वाड्यातलं काय काय कुठे गेलं असेल, ते नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्यांना विचारा.

मला कोणी विचारलं की पात्यावरच्या या लेखावर विश्वास का ठेवायचा, तर मी एक व्यवहारी उत्तर देतो. खोटं लिहिणारा रघुजींचं नाव कशाला लिहील? तो शिवाजी महाराजांचंच लिहिणार. बाजारात 'शिवकालीन' म्हणून जेवढ्या तलवारी मला दाखवल्या गेल्या, तेवढ्या खऱ्या असत्या तर मावळ्यांच्या दोन्ही हातांत दोन-दोन धराव्या लागल्या असत्या. जपानातही हेच. थोर लोहारांच्या खोट्या सह्या शतकानुशतकं कोरल्या जात आल्या आणि जितकं नाव मोठं, तितकी खोट जास्त. आपल्याकडे पात्यावर लोहाराचं नाव सापडलंच तर ते बहुधा इस्फहानच्या असदुल्लाचं. त्याच्या नावाची पाती एवढी आहेत की एका माणसाला दहा जन्म घ्यावे लागतील.

युरोपी शिक्क्यांचीही तीच कथा. जेनोवाच्या पात्यांवरची दातेरी चंद्रकोर आपल्या लोहारांनी बिनदिक्कत उचलली, कारण गिऱ्हाइकाला ती हवी होती. म्हणजे शिक्का दिसला की पातं परदेशी, असं म्हणायची सोय नाही. आणि मूठ? आपली मूठ आत लाख भरून बसवलेली असते. जरा शेकली की सुटते, दुसऱ्या पात्यावर चढते. शंभर वर्षांच्या अंतराचे नवरा-बायको एका म्यानात नांदताना मी कितीदा पाहिलेत! सोन्याच्या कोफ्तगिरीत, म्हणजे पोलादावर तार ठोकून केलेल्या नक्षीत, जिथं तार झिजली आहे तिथं खालची बारीक आडवी-उभी खरवड दिसली पाहिजे. ती नसेल तर सोन्याचा नुसता मुलामा आहे. पोलादाची जौहर, म्हणजे पात्यावरची लहरी नक्षी, हीही आता ॲसिडनं साध्या लोखंडावर उठवतात. पूर्वी हिराकशीच्या पाण्यानं ती वर आणत, पण ती मुळात पोलादात असायची.

आता दुसरी तलवार. कामठीच्या एका घरातून आली. त्या घरातले आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. 1945 ला जपान शरण आल्यावर तलवारी खाली ठेवण्याचे समारंभ करू नका, असं अमेरिकी सेनापती मॅकार्थरचं म्हणणं होतं. ब्रह्मदेशात ब्रिटिशांची चौदावी सेना लढवलेल्या स्लिमनं ते मानलं नाही. वरिष्ठ जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या सैनिकांसमोर तलवार द्यायची, असा हुकूम त्यानं काढला, आणि जपानी जनरल किमुराची तलवार स्वतःच्या घरी ठेवली. अशा तलवारी मग फौजेबरोबर हिंदुस्थानात आल्या. त्यातल्या बऱ्याच कारखान्यात पाडलेल्या. मुठीवरची दोरी खरी नसून ॲल्युमिनियमच्या ओतकामावर रंगवलेली असेल आणि पात्यावर क्रमांक असेल, तर ती खालच्या हुद्द्याच्या शिपाईगड्याची सरकारी तलवार. पण काही अधिकाऱ्यांनी घराण्यातलं जुनं पातं लष्करी मुठीत बसवून आणलेलं असायचं. बाहेरून दोन्ही सारख्याच.

कामठीच्या कुटुंबानंही खंडेनवमी सोडली नव्हती. दरवर्षी पातं घासलेलं, उभे-आडवे ओरखडे, माझ्याच शाळेचे विद्यार्थी! मी पाहिलं आणि हात टेकले. मग मूठ हातात घेतली. दोरीच्या विणीखाली वागळीची खडबडीत कातडी आणि मध्ये बांबूची एक खुंटी. लाकडी ठोकणीनं ती खुंटी अलगद बाहेर काढली, मनगटावर दोन हलके ठोके दिले, आणि मूठ हातात सुटून आली. घरातल्या थोरल्या बाईंनी "अगं बाई, मोडली!" म्हणून तोंडावर पदर घेतला. ऐंशी वर्षांत ही मूठ निघते हे कोणाला माहीतच नव्हतं, आणि म्हणून मुठीखालचा भाग वाचला होता.

जपानी लोहार हा भाग कधी घासून चमकवत नाही. त्यावर कानशीच्या रेघा सोडतो, सही करायची तर इथंच करतो, आणि पुढं शेकडो वर्षांत जो गंज चढतो त्याला कोणी हात लावायचा नाही. त्या गंजाचा रंग, रेघांचा कोन, भोकं किती, यावरून वय बोलतं. कामठीच्या तलवारीला दोन भोकं होती. गंज काळा, दाट, बोट फिरवलं तरी न निघणारा. सही नव्हती, टोक सरळ कापलेलं. म्हणजे मुळात लांब पातं, पुढे कोणीतरी आखूड केलेलं, आणि सही कापलेल्या तुकड्याबरोबर गेलेली. असं पातं कारखान्यातलं नसतं.

कोणाचं, ते सांगायला पात्याचा चेहरा हवा. पोलादाचा पोत आणि धारेलगतची पाण्याची धूसर रेघ. ती रेघ पोलादातच असते, पॉलिश पेपरनं मरत नाही, ओरखड्यांखाली झाकली जाते. वर काढायची तर त्या विद्येचा जपानी कारागीर लागतो. पण पातं शंभर वर्षांहून जुनं ठरलं की 1972 च्या पुरावशेष कायद्यानं खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे मीच जुनं ठरवलं आणि मीच अडकवलं! कामठीचा नातू मला अजून चहा देतो, हा त्याचा मोठेपणा.

जपानात पारख हा घराण्याचा धंदा होता. होनामी घराणं पातं पाहून घडी घातलेल्या कागदावर निवाडा लिहून देई. त्या कागदाला म्हणत ओरिगामी. आपली नातवंडं शाळेत ज्याचा बगळा करतात, तोच शब्द. 1948 पासून तिथली तलवार-जतन संस्था हे काम करते. आपल्याकडे असा कागद नाही, घरची गोष्ट आहे. गोष्टीला माझा विरोध नाही. मला त्रास होतो तो गोष्ट आणि पुरावा एकाच वाक्यात लिहिण्याचा. कोल्हापूरहून 1875-76 च्या सुमारास प्रिन्स ऑफ वेल्सला गेलेल्या, शिवाजी महाराजांची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या सरळ पात्याच्या तलवारीवर येशूच्या नावाची तीन अक्षरं तीनदा कोरलेली आहेत. हे वाचून कोणाची निष्ठा कमी व्हायचं कारण नाही, पातं बहुधा युरोपातून आलं एवढाच त्याचा अर्थ. 2025 मध्ये आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, आलेल्या वाघनखांबद्दल ती पाठवणारं लंडनचं संग्रहालय स्वतःच म्हणतं की अफझलखानाच्या वेळची हीच, हे सिद्ध करता येत नाही. तरी रांग लागली, मीही रांगेत होतो.

म्हणून तुमच्या पिशवीत आज एक घडी घातलेला कागद ठेवला आहे. डावीकडे लिहा तलवार काय सांगते: लांबी, वजन, पात्याची पाठ, मुठीतली लाख, लेख असेल तर त्याचा फोटो. उजवीकडे लिहा घर काय सांगतं. मधली रेघ ओलांडू नका. माझ्या आजोळच्या तलवारीच्या कागदावर डावीकडे 'श्री, एक काना' आहे आणि त्याखाली मी माझं नाव लिहिलं आहे, घासणारा म्हणून.

जेवणानंतर सहा तलवारी टेबलावर असतील. जपानी रिवाजाप्रमाणे मुठी फडक्यात बांधलेल्या. पातं पाहायचं, चिठ्ठीवर अंदाज लिहायचा, पेटीत टाकायचा. बोटं पात्याला लावू नका, घाम पोलाद खातो. आणि मेनूत चिंचेची चटणी आहे असं ऐकतो, तेव्हा कृपा करून हात धुऊन या.