यंत्राची साक्ष



तराजू खोटा असेल तर मजुरी खोटी ठरते, हे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. आज आम्ही प्रयोगशाळेतल्या अशाच एका तराजूविषयी बोलणार आहोत.

डीएनएचा अनुक्रम वाचण्यापूर्वी त्याच्या तुकड्यांच्या टोकांना ठरावीक जोड लावतात. या तुकड्यांच्या संग्रहास लायब्ररी म्हणतात. तुकडे योग्य लांबीचे आहेत की नाहीत, हे इलेक्ट्रोफोरेसिसने पाहतात. डीएनए ऋणभारित, तो जेलमधून धन ध्रुवाकडे धावतो. आखूड तुकडा पुढे जातो, लांब मागे राहतो. या पद्धतीवरील संशोधनासाठी आर्ने टिसेलिउस यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आता हेच काम छोट्या चिपवर यंत्र आपोआप करते आणि आलेख काढून देते.

पण आलेख वेडावाकडा आला तर? ठपका पहिल्याने बसतो तो पिपेट धरणाऱ्या हातावर. आमचे म्हणणे असे की, आधी साक्षीदार तपासा.

पहिला साक्षीदार लॅडर, म्हणजे माहीत लांबीच्या तुकड्यांची शिडी. तीच बिघडली असेल तर सारी चिप रद्द समजावी. मग पाहावे : रसायने अर्धा तास बाहेर ठेवून खोलीच्या तपमानाला आणली होती काय? जेल जुने आहे काय? हवेचा बुडबुडा अडकला काय? इलेक्ट्रोड स्वच्छ आहेत काय?

दुसरा साक्षीदार मार्कर. एका प्रचलित संचात तो ३५ आणि १०,३८० बेसजोड्यांचा असतो. शिडी ठीक, पण एकाच नमुन्यात मार्कर सरकला, तर त्या नमुन्यात क्षार किंवा डीएनए फार झाला असावा. नमुना पातळ करून पुन्हा चालवावा.

दोन्ही साक्षी खऱ्या, तरी लांब बाजूस दुसरे शिखर दिसते? पीसीआरची आवर्तने अति झाली की प्रायमर संपतात; धागे टोकांशी जुळतात, मध्ये उघडे राहतात आणि रेंगाळत धावतात. ताजे प्रायमर घालून एक आवर्तन दिले की ते शिखर ओसरते. उलट १२०-१३० बेसजोड्यांजवळचे टोकदार शिखर म्हणजे नुसते एकमेकांना चिकटलेले जोड. ते धुऊन काढलेच पाहिजेत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. तंत्रज्ञाला तो अर्धा तास मिळावा आणि बिघडलेली चिप टाकून देण्याचा अधिकार मिळावा. चिप महाग म्हणून खोटा आलेख खरा मानणे अधिक महाग पडते. आणि त्याची किंमत अखेर त्या निकालावर विसंबणारा रुग्ण मोजतो.