परकी फौज आणि घरची कचेरी

एखादा मुलूख शत्रूच्या लष्करानें व्यापला म्हणजे तेथील निशाण एका दिवसांत बदलतें. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं दूध कोणीं वांटावयाचें, नळाला पाणी कोणीं सोडावयाचें, शाळा उघडावयाच्या कीं नाहीं, मेलेल्याची नोंद कोणाच्या दप्तरांत करावयाची, हे प्रश्न निशाण बदलल्यानें सुटत नाहींत. सेनापतीला लढाई करतां येते, पण घरोघरच्या धान्याचा हिशेब ठेवणें त्याला सहसा साधत नाहीं. आणि साधलें तरी त्या हिशेबांत प्रजेचा वांटा शेवटीं येतो. म्हणून जुना कारभारी जागेवर राहावा असें लोकांना वाटतें. आणि नवलाची गोष्ट अशी कीं, जेत्यालाही तेंच हवें असतें. या दोन इच्छांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनें ज्याला चालावें लागतें, त्याच्या कर्तव्याची मर्यादा कोणती, हा या भाषणाचा विषय आहे.

१९०७ सालच्या हेग येथील करारानें या बाबतींत कांहीं नियम घालून दिले. मुलूख व्यापणाऱ्यानें तेथें सुव्यवस्था राखावी, आणि अगदींच अशक्य झाल्याखेरीज तेथील चालू कायद्यांचा मान ठेवावा. सैन्याच्या गरजेपुरती मागणी करावी, पण ती मुलखाच्या ऐपतीबाहेरची नसावी. आणि लोकांना स्वतःच्याच देशाविरुद्ध युद्धकार्यांत गुंतवूं नये. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. व्यवहारांत ती कशी उतरते, हें दुसऱ्या महायुद्धांतील चॅनेल बेटांच्या पांच वर्षांवरून चांगलें समजतें.

हीं बेटें इंग्लिश खाडींत, फ्रान्सच्या किनाऱ्यालगत आहेत. त्यांतील सर्वांत मोठें जर्सी अवघें ४५ चौरस मैलांचें. त्याखालोखाल गर्न्सी, आणि मग ऑल्डर्नी, सार्क इत्यादि. तीं ब्रिटिश राजमुकुटाचीं, परंतु त्यांचे कायदे, न्यायालयें आणि प्रतिनिधिसभा पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या. तेथील मुख्य अधिकाऱ्यास बेलिफ म्हणतात. इकडे बेलिफ म्हटला म्हणजे समन्स आणि जप्ती बजावणारा दिवाणी कोर्टाचा माणूस डोळ्यांसमोर येतो. तिकडे मात्र बेलिफ हा वरिष्ठ न्यायाधीश आणि सभेचा अध्यक्ष, अशा दुहेरी मानाचा पुरुष असतो.

जून १९४० मध्यें फ्रान्स कोसळला. बेटांचें रक्षण करणें शक्य नाहीं असें ठरवून लंडनच्या सरकारनें तेथील फौज काढून घेतली, आणि सुमारें २५,००० रहिवासी बोटींनीं इंग्लंडला गेले. २८ जून रोजीं जर्मन विमानांनीं बाँब टाकले. त्यांत ४४ माणसें मेलीं. गर्न्सीच्या धक्क्यावर मेलेल्यांपैकीं कित्येक जण टोमॅटोच्या पेट्या बोटींवर चढविण्यासाठीं आले होते. ३० जूनला गर्न्सी आणि १ जुलैला जर्सी जर्मनांच्या हातीं गेलें. राजाचे लष्करी प्रतिनिधि त्यापूर्वींच परतले होते. बेलिफांना मात्र जागेवर राहून रहिवाशांच्या हितासाठीं कारभार चालविण्याची आज्ञा होती.

तो कारभार असा चाले. गर्न्सींत ॲटर्नी जनरल ॲम्ब्रोझ शेरविल यांच्या अध्यक्षतेखालीं एक नियामक समिति नेमली गेली. जर्सींत बेलिफ अलेक्झांडर कुटांश यांचें वरिष्ठ मंडळ होतें. त्यांच्यावर फेल्डकोमांडांटूर ५१५ या नांवाची जर्मन लष्करी कचेरी. जर्मनांचा एखादा हुकूम बेटाच्या कायद्यांत दाखल व्हावयाचा, तर तो तेथील राजन्यायालयाच्या दप्तरांत नोंदला जात असे. ही नोंद वरवर पाहतां एक रिवाज. परंतु त्या एका रिवाजांतच या कथेचें सारें मर्म सांठविलेलें आहे.

रोजच्या कामांत या मंडळींनीं पुष्कळ कर्तबगारी दाखविली, हें मान्य केलेंच पाहिजे. ज्या कांचघरांत विक्रीचे टोमॅटो पिकत, तेथें घरच्या खाण्याचीं पिकें घेतलीं. फ्रान्समधील ग्रानव्हिल बंदरांत बेटांचे प्रतिनिधि बसून पीठ, औषधें आणि बियाणें खरेदी करूं लागले. शिपायांनीं आठवण म्हणून नाणीं उचलून नेल्यामुळें सुटे पैसे दिसेनासे झाले, तेव्हां जर्सीनें चित्रकार एडमंड ब्लॅम्पीड यांच्याकडून सहा पेन्सांपासूनच्या कागदी नोटा तयार करून घेतल्या. इन्सुलिन संपलें तेव्हां मात्र कोणाचाच इलाज चालला नाहीं; मधुमेहाचे रोगी डोळ्यांदेखत गेले.

परंतु रोज समोरासमोर बसून काम करणाऱ्या माणसांत एक प्रकारचा सलोखा उत्पन्न होतो, आणि तोच घातक ठरतो. ऑगस्ट १९४० मध्यें शेरविल यांनीं जर्मन नभोवाणीसाठीं एक निवेदन ध्वनिमुद्रित केलें. इंग्लंडला गेलेल्या मुलाबाळांना आपलीं माणसें सुखरूप आहेत एवढें कळावें, हा त्यांचा हेतु. परंतु त्यांत सैनिकांच्या वर्तणुकीची स्तुति आली, आणि शत्रूनें तिचा प्रचारासाठीं उपयोग केला. पुढें १९४१ च्या जुलैंत भिंतींवर विजयाचें ‘व्ही’ हें अक्षर रंगविणारास पकडून देईल त्याला २५ पौंड बक्षीस, अशी जाहिरात गर्न्सीचे बेलिफ व्हिक्टर केरी यांच्या सहीनें निघाली. हे लोक देशद्रोही नव्हते. त्याच शेरविल यांनीं गुप्तपणें उतरलेल्या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांना मदत केल्यामुळें पॅरिसचा तुरुंग पाहिला. पण शांतता राखावयाची या एकाच ध्यासानें माणूस कोठवर जातो, हें यावरून दिसतें.

सर्वांत मोठी कसोटी ऑक्टोबर १९४० मध्यें आली. ज्यू लोकांनीं आपलीं नांवें नोंदवावीं, असा हुकूम जर्मनांनीं दोन्ही न्यायालयांकडे पाठविला. बेटांत ज्यू अगदीं मोजके. त्यांतही बहुतेक निघून गेले असतील, तेव्हां या हुकुमानें कोणाचें कांहीं बिघडणार नाहीं, अशी शेरविल यांची समजूत होती. हुकूम दप्तरांत चढला. गर्न्सीच्या न्यायालयांत एका गृहस्थानें मात्र संमति देण्याचें साफ नाकारलें. त्यांचें नांव सर अब्राहम लेने. हिंदुस्थानांतील तत्कालीन सनदी सेवेंतून निवृत्त झालेला हा अधिकारी; एखादी यादी कशाची नांदी असते, हें त्याला इतरांपेक्षां लवकर उमगलें. त्याचें मत एकाकी पडलें. एप्रिल १९४२ मध्यें तेरेस स्टायनर, ऑगुस्टे श्पिट्झ आणि मारियाने ग्र्यूनफेल्ड या तीन ज्यू स्त्रियांना गर्न्सीहून फ्रान्सांत नेण्यांत आलें. त्याच वर्षीं जुलैंत त्यांची रवानगी आउश्विट्झ येथें झाली. तिघींपैकीं एकही परत आली नाहीं.

या तिघी मध्य युरोपांतून आश्रयास आलेल्या, पोटासाठीं काम करणाऱ्या परक्या बायका होत्या. त्यांच्यासाठीं कोणाच्या घरीं चूल विझली नाहीं. सप्टेंबर १९४२ मध्यें मात्र इंग्लंडांत जन्मलेल्या व इतर ब्रिटिश रहिवाशांना जर्मनींत नेण्याचा हुकूम सुटला, तेव्हां दोन हजारांहून अधिक माणसें बीबेराख, वुर्त्साख आणि लाउफेन येथील छावण्यांत गेलीं. त्या वेळीं जर्सीच्या मंडळानें निषेध नोंदविला आणि राजीनाम्यापर्यंत गोष्ट आली. पण ओळखपत्रांचीं दप्तरें तयारच होतीं. दोन वर्षांपूर्वीं परक्यांची यादी करूं देतांना ज्यांनीं वाद घातला नाहीं, त्यांना आपल्या माणसांची यादी होतांना वाद घालण्यास पाय टेकावयाला जमीन उरली नव्हती.

‘नकार देऊन काय होणार?’ असा प्रश्न येथें कोणी विचारील. ज्यूंनीं पिवळा तारा लावावा, हा १९४२ सालचा हुकूम जर्सींत आक्षेपास पात्र ठरला आणि तो तेथें कधींच अमलांत आला नाहीं. जर्सीचे आरोग्याधिकारी डॉक्टर मॅकिन्स्ट्री यांनीं पळून आलेल्या रशियन वेठबिगाऱ्यांना शिधापत्रिका व ओळखपत्रें मिळवून दिलीं. ज्या दप्तरांतून माणसें धरून नेलीं, तसल्याच दप्तरांत खोटें नांव चढवून माणसें वांचविलीं गेलीं. शेवटीं दप्तर चालविणाऱ्याच्या धैर्यावरच सारें अवलंबून होतें.

१९४४ च्या उन्हाळ्यांत दोस्तांचीं सैन्यें फ्रान्सांत उतरलीं आणि बेटांचा अन्नमार्ग तुटला. तेव्हां कुटांश यांनीं जर्मन सेनानायकाला लेखी बजावलें कीं, वेढ्यांत टिकाव धरावयाचा तर नागरिकांच्या उपासमारीची जबाबदारी तुमच्यावर राहील. हेगच्या नियमांचा असा उपयोग आधींपासून झाला असता तर बरें झालें असतें. २७ डिसेंबर १९४४ रोजीं रेडक्रॉसचें ‘वेगा’ जहाज गर्न्सीला लागलें, आणि कांहीं दिवसांनीं जर्सीला. त्यांतील पुड्यांवर हजारों लोक ९ मे १९४५ च्या सुटकेपर्यंत जगले.

मग अधिकाऱ्यांनीं निघूनच जावयास हवें होतें काय? याचें उत्तर शेजारचें ऑल्डर्नी देतें. तेथील जवळजवळ सर्व लोक जून १९४० मध्येंच गेले. बेटावर ना न्यायालय राहिलें, ना वैद्य, ना दप्तर. तेथें पुढें वेठबिगाऱ्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या अहवालाप्रमाणें तेथील मृतांची संख्या बहुधा ६४१ ते १,०२७ च्या दरम्यान असावी. ऐंशी वर्षांनंतरही नक्की आंकडा सांगतां येत नाहीं, याचें एक कारण हेंच कीं, मेलेल्यांसाठीं वही उघडणारा आपला असा कारभारी तेथें कोणी नव्हता.

तेव्हां जागेवर राहणें योग्यच होतें. युद्धानंतर बेलिफांना ‘सर’ ही पदवी मिळाली. उपाशी लोकांना जगविल्याबद्दल ती कमीही म्हणतां यावयाची नाहीं. परंतु इतिहासाचा निवाडा पदवीनें संपत नाहीं. दूध, पाणी आणि पीठ यांसाठीं जेत्याशीं शंभर वेळां बोलणें करावें, प्रसंगीं अपमानही गिळावा. मात्र माणसामाणसांत भेद करणारी यादी समोर येईल तेव्हां, तींत नांव आपल्या माणसाचें असो कीं परक्याचें, लेखणी खालीं ठेवावी. ही रेघ आधींच आंखून ठेवावी लागते. यादी टेबलावर आल्यावर ती आंखण्यास सहसा सवड मिळत नाहीं.